चौकात बसलेल्या पायांसाठी

खो-खोच्या मैदानावर सगळ्यांचे डोळे पळणाऱ्या गड्यावर असतात. माझे हल्ली बसलेल्या आठ जणींवर असतात. मध्यपाटीवरच्या ३० सेंटिमीटरच्या चौकांत, एकीचं तोंड या बाजूला तर शेजारणीचं त्या बाजूला, अशा त्या उकिडव्या बसलेल्या असतात. खुबे पूर्ण मुडपलेले, गुडघे छातीपाशी, बोटं जमिनीला टेकलेली. खो मिळायच्या आधी उठलं तर फाउल, आणि मिळाल्यावर क्षणभर रेंगाळलं तर गडी हातचा गेला. ९ मिनिटांच्या आक्रमणात एखादीला पाठोपाठ खो मिळतात, तर एखादीकडे बराच वेळ कुणी फिरकत नाही, कारण पळणारी पलीकडच्या खांबाशीच खेळवत असते. मग एकदम पाठीवर हात पडतो, ‘खो!’, आणि त्या मुडपलेल्या पायांना पहिल्याच पावलाला पूर्ण वेग द्यायचा असतो.

पायांना आपण एवढं अवघड काम सांगतो, आणि त्यासाठी त्यांची तयारी काय करून घेतो? या प्रश्नाने गेली काही वर्षं माझा पिच्छा पुरवला आहे.

मी सांगलीकडची. शाळेत असल्यापासून खेळले, जिल्ह्याकडून खेळले, मग संसार आणि नोकरी. आता संध्याकाळी क्लबच्या मैदानावर लहान मुलींचा सराव घेते. आमच्या वेळी अंग मोकळं करण्याची एक ठरलेली रीत होती. मैदानाला दोन-तीन फेऱ्या, मग रांगेत उभं राहून शिट्टीवर कवायत: वाका, पायाचे अंगठे धरा, तसंच थांबा. सर आकडे मोजायचे, आम्ही दात-ओठ खाऊन अंगठे धरून राहायचो. मग जमिनीवर बसून पाय लांब करून कपाळ गुडघ्याला. ज्या मुलीचं कपाळ टेकेल ती लवचिक, असा सरळ हिशोब. त्यानंतर नाणेफेक, नावं लिहिणं, पाहुण्यांचा सत्कार, नारळ फोडणं, आणि एवढं सगळं झाल्यावर खेळ सुरू. तोवर अंग पुन्हा गार.

त्या रीतीमागे माया होती हे मला माहीत आहे. सरांना मुलींची काळजी होती. पण ताणून धरून ठेवणं आणि पळण्यासाठी तयार होणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि खेळाच्या तोंडावर दुसरं काम हवं असतं.

मांडीच्या मागच्या बाजूला तीन स्नायूंची जुडी असते, तिला हॅमस्ट्रिंग म्हणतात. आपल्याकडे ‘मागची शीर’ म्हणतात तीच. आपण ज्या हाडावर बसतो तिथून हे स्नायू निघतात आणि गुडघ्याच्या खाली जाऊन चिकटतात. म्हणजे एकाच वेळी खुबा आणि गुडघा अशा दोन सांध्यांवरून ते जातात. धावताना पाय पुढे फेकला जातो, पाऊल जमिनीला टेकायच्या जरा आधी गुडघा सरळ होत असतो, तेव्हा या स्नायूंना लांब होता होताच पायाला आवर घालावा लागतो. ताणलं जाणं आणि जोर लावणं, दोन्ही एकदम. भरधाव पळताना मागची शीर जाते ती बहुतेकदा याच घटकेला.

आता यात खो-खो घाला. आमची मुलगी पळता पळता कमरेत वाकून, हात लांब करून गडी टिपते. वाकल्यामुळे बैठकीचं हाड वर आणि मागे जातं, पुढचा पाय सरळ होत असतो, म्हणजे हॅमस्ट्रिंग दोन्ही टोकांनी ओढली जाते, आणि तीही पूर्ण वेगात. सूर मारताना तेच, खांबाला हात घालून वळताना मागच्या पायाला तेच. आमच्या खेळाइतकी या स्नायूंची परीक्षा फार थोडे खेळ पाहत असतील, असं माझं ठाम मत आहे.

एका डिसेंबरात सकाळच्या पहिल्याच सामन्यात आमची एक मुलगी अशी बसली. एसटीने पहाटे निघालो होतो, थंडीने सगळ्या पोरी आखडून एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, मैदानावर पोचलो तर आयोजकांनी लगेच नाव पुकारलं. आम्हाला अंग मोकळं करायला पाच मिनिटंसुद्धा दिली नाहीत. चौकातून उठून चौथ्या-पाचव्या पावलाला ती मांडी धरून खाली बसली. मी धावत गेले तर म्हणते, “ताई, मागून कुणी दगड मारला का ओ?” मागे कुणी नव्हतं. तो पूर्ण हंगाम तिचा बाकावर गेला.

त्यानंतर मिरजेतल्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमना मी मैदानावरच बोलावलं. त्यांनी आधी फक्त पाहिलं. मुली कशा बसतात, कुठल्या पायावर उठतात, टिपताना किती वाकतात. मग म्हणाल्या, “पायाला जे खेळात अचानक करायचंय, तेच आधी सावकाश करू द्या. मग थोडं जलद. मग खेळाच्या वेगाने.” माझ्या डोक्यात सगळं एकदम जागेवर बसलं. तेव्हापासून आमचं वॉर्म-अप बदललं.

आधी चार-पाच मिनिटं हलकं पळणं, पुढे, मागे, आडव्या पावलांनी, अंगाला किंचित घाम फुटेपर्यंत. स्नायू प्रत्यक्षात गरम व्हावा लागतो. गरम स्नायू आकसतो भरभर आणि सैलही भरभर सुटतो. मग आम्ही खांबाकडे जातो.

खो-खोचा खांब १२० ते १२५ सेंटिमीटर उंच असतो. तो जणू पाय झुलवण्यासाठीच रोवलाय असं मला वाटतं, इतकी त्याची उंची सोयीची. डाव्या हाताने खांब धरायचा, डाव्या पायावर सरळ उभं राहायचं, उजवा पाय पुढे-मागे झुलवायचा. ऐकायला सोपं आहे, आणि दहातल्या आठ जणी पहिल्या दिवशी चुकीचं करतात. पाय वर जावा म्हणून त्या पाठीला पोक काढतात. पाय दिसतो कमरेएवढा वर गेलेला, पण खुबा होता तिथेच असतो. वाकलेली असते ती कंबर. म्हणून मी मुलीच्या कमरेला मागून तळहात लावून उभी राहते. तळहाताला हालचाल लागली की पाय खाली. पोट जरा आत, छाती समोर, उभ्या पायाचा गुडघा किंचित सैल. पहिले दोन-तीन झोके गुडघ्याच्या उंचीचे. पुढचे जरा वर. आठव्या-दहाव्या झोक्याला पाय आपोआप जिथवर जाईल तिथवर, त्याहून वर नाही. आणि मागे जाणाऱ्या झोक्याकडेही तेवढंच लक्ष. सगळ्यांना पाय पुढे किती वर जातो याचं कौतुक असतं, पण चौकात बसून ज्या आखडतात त्या खुब्याच्या पुढच्या शिरा मोकळ्या होतात मागच्या झोक्यात.

झोका आणि हिसका यात फरक आहे, तो मुलींच्या अंगी मुरायला वेळ लागतो. झोक्यात पाय वर जाताना आणि खाली येताना तुमच्या ताब्यात असतो. हिसक्यात तो फेकलेला असतो, आणि टोकाला पोचल्यावर स्नायू घाबरून स्वतःला आवळून घेतो. मुलींना मी डोळे मिटून झोके द्यायला लावते. डोळे मिटले की हिसका देता येत नाही, तोल जातो. मग त्या आपसूक सावकाश होतात.

मग खांबाकडे तोंड करून पाय डावी-उजवीकडे, स्वतःच्या समोरून आडवा. जांघेच्या आतली बाजू यात सुटते. संरक्षणाला उतरलेल्या मुलीला हूल देताना एका बाजूला झुकून दुसऱ्या बाजूला निघायचं असतं, तेव्हा तोच भाग धरतो. त्यानंतर चालता चालता गुडघा वर उचलून बाहेरच्या बाजूला गोल फिरवायचा, मग उलट बाहेरून आत. मुली त्याला ‘दार उघडणं’ आणि ‘दार लावणं’ म्हणतात. हे नाव त्यांनीच ठेवलं, आणि खुब्याचा खळग्यातला गोळा खरोखर बिजागरीत फिरल्यासारखा फिरताना जाणवतो. फुटबॉलवाल्यांच्या ‘फिफा ११+’ या वॉर्म-अपमध्येही हीच हालचाल पळता पळता करायला लावतात. ते सगळं मिळून वीसेक मिनिटांचं आहे, आणि त्याने दुखापती कमी होतात हे मुलींच्या संघांवर मोठी चाचणी घेऊन पाहिलेलं आहे. हे मी पालकांना मुद्दाम सांगते, कारण “खेळायच्या आधीच पोरींना दमवताय” ही तक्रार दर वर्षी येते.

सगळ्यात मन लावून मी करून घेते ते दोन प्रकार. पहिला लंज. एक मोठं पाऊल पुढे, मागचा गुडघा जमिनीच्या वर चार बोटं, धड ताठ, आणि मग पुढच्या पायाच्या बाजूला धड वळवायचं. उठून दुसरं पाऊल. मध्यपाटीच्या कडेने एका खांबापासून निघून दुसऱ्या खांबापर्यंत जायचं नाही, अर्ध्यातून परत यायचं, कारण पुढे खेळायला पाय शिल्लक हवेत. यात मागच्या पायाच्या खुब्याची पुढची बाजू लांब होते आणि पुढच्या पायाचा नितंबाचा स्नायू जागा होतो. तो स्नायू जागा असणं फार महत्त्वाचं. चौकातून उठताना ढकलण्याचं काम त्याने करायचं असतं. तो झोपलेला असेल तर त्याचाही भार हॅमस्ट्रिंग उचलते, आणि जादा भार उचलणाऱ्याचं जे होतं ते होतं.

दुसरा प्रकार सरळ पायाची लाथ. चालता चालता उजवा पाय गुडघ्यात न वाकवता समोर वर, डाव्या हाताने पंज्याकडे पोचायचा प्रयत्न, पाय खाली, मग दुसरा. इथेही पाठीला पोक नको. हात पंज्यापर्यंत पोचला नाही तरी चालेल. आधी चालत, मग उड्या घेत. हॅमस्ट्रिंगला सामन्यात जे सोसायचं आहे त्याची ही सौम्य आवृत्ती. हे करताना मुलींचे चेहरे मी बघत असते. कुणाच्या कपाळाला आठी पडली, कुणी एकच पाय कमी उचलतेय, हे लगेच कळतं. आधीची दुखापत लपवणारी मुलगी इथेच सापडते. आणि ज्या पायाची शीर एकदा गेली आहे तिची पुन्हा जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त, त्यामुळे हे सापडणं मला झोक्यांइतकंच मोलाचं वाटतं.

गुडघे उंच, टाचा मागे, छोट्या उड्या, हे सगळं मग पटापट होतं. शेवटी निम्म्या वेगाने, पाऊण वेगाने आणि पूर्ण वेगाने छोट्या धावा, आणि चौकात बसून खोवर उठणं, दोन्ही बाजूंनी. दोन्ही बाजूंनी हे महत्त्वाचं, कारण प्रत्येकीचा एक लाडका पाय असतो आणि खो तो पाय बघून मिळत नाही.

स्नायू ताणून धरायला माझा विरोध नाही. संध्याकाळी खेळ संपल्यावर आम्ही पाय लांब करून बसतो, अंगठे धरतो, गप्पा मारतो. लवचिकपणा वाढवायचा तर ते हवंच. पण एखादा स्नायू मिनिटभराहून जास्त ताणून धरला की त्यानंतर काही काळ त्याचा जोर आणि उसळी थोडी कमी पडते, हे आता पुरतं तपासून झालेलं आहे. ज्या खेळात निकाल एका पावलावर लागतो, त्यात सामन्याच्या तोंडावर उसळी का घालवायची? आणि नुसत्या वॉर्म-अपने भागेल असंही नाही. स्नायूत ताकद हवी. गुडघ्यांवर बसून, मैत्रिणीने घोटे दाबून धरून, धड ताठ ठेवत सावकाश पुढे झुकत जायचं, त्याला नॉर्डिक म्हणतात. हा व्यायाम नियमाने करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आलेल्या दिसल्या आहेत. आमच्याकडे तो सरावानंतर असतो, सामन्याच्या दिवशी कधीच नाही.

हे सगळं परदेशातून आलं असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. कोल्हापूरकडच्या तालमीत पैलवान हौद्यात उतरतो तो आधी फावडं घेऊन माती उकरतो. वाकायचं, माती ओढायची, उठायचं, पुन्हा वाकायचं. खुबे, मांड्या, कंबर, सगळं त्यात तापतं. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला, शाळाशाळांत नेले. नमस्कारात एक पाय मागे जातो तेव्हा खुब्याची पुढची बाजू लांब होते, हात जमिनीला टेकून गुडघे सरळ होतात तेव्हा मांडीची मागची. आणि कुठेच अडून न राहता श्वासाबरोबर पुढे जायचं असतं. आमच्या सरावात पळून झाल्यावर सहा नमस्कार असतातच.

एका गोष्टीची मला कल्पना नव्हती. पाय झुलवायला मुली लाजायच्या. मैदानाच्या कुंपणाच्या भिंतीवर गावातली पोरं बसलेली, रस्त्याने येणारे-जाणारे थांबून बघणारे. सातवी-आठवीतल्या मुली खांब धरून उभ्या राहायच्या आणि पाय जेमतेम पोटरीएवढा हलवायच्या. एकीची आजी मला येऊन म्हणाली, “पोरीच्या जातीनं असं तंगडं वर करायचं व्हय?” आजींच्या बोलण्यात द्वेष नव्हता. आयुष्यभर पाय मिटून बसायला शिकवलेली बाई होती ती. पण मला फार लागलं, कारण हेच बंधन पुढे मुलीच्या खुब्यात जाऊन बसतं. पाऊल लहान पडतं, वळणं अडतं, आणि मग लोक म्हणतात मुलींच्या खेळाला वेग नसतो.

मी आयांना बोलावलं. एका रविवारी सगळ्यांनी मिळून करायचं असं ठरवलं. कुणी साडी खोचून, कुणी ड्रेसवर. त्यातल्या बऱ्याच जणी उसाच्या रानात खुरपायला जाणाऱ्या, दिवसदिवस उकिडव्या बसून पुढे सरकणाऱ्या. चौकातल्या आमच्या मुली मिनिटं मोजतात. या बाया तशाच बसून दिवस काढतात आणि उठताना कमरेवर हात ठेवून उठतात. त्यांना मी आधी खांब धरून मागचा झोका द्यायला लावला, अगदी लहान. मग उभ्याने एकेक गुडघा छातीशी. एक जण थांबली, कमरेवर हात ठेवून जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “कंबर सुटल्यावाणी झाली की ओ.” त्या आता रानात मध्येच उठून बांधावरच्या झाडाला धरून पाय झुलवतात, असं मुली सांगतात. आजींचा विरोधही पुढे मावळला, कारण सुनेचं दुखणं हलकं झालेलं त्यांनी घरात पाहिलं.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियमवर खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे, मुलांचा प्रतीक वाईकर, दोघंही आपल्या महाराष्ट्राचे. आमच्या मुली एका मोबाइलवर डोकी घालून बघत होत्या. त्याआधी, २०२० साली, धाराशिवच्या सारिका काळेला अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हाही अशाच हरखल्या होत्या. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम बांधले, तेव्हापासून तो मातीत वाढला. आता मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. मातीत पाऊल जरा घसरतं आणि झटका जिरतो. मॅट बूट धरून ठेवतं, पाऊल जागच्या जागी थांबतं आणि सगळा ताण गुडघ्यातून मांडीत चढतो. खेळ जलद झाला, जमीन चिकट झाली, म्हणजे खुब्यांची आणि मागच्या शिरांची तयारी पूर्वीपेक्षा जास्त हवी. गावातल्या मुलीला मातीवरून थेट मॅटवर उभं केलं जातं, तेव्हा तिच्यासाठी मला धास्ती वाटते.

चौकात बसलेलीचं मग काय करायचं? उठता तर येत नाही. आम्ही हे बसवलंय: खेळ लांब असला की वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं, टाचा उचलायच्या-टेकायच्या, नितंब आवळून सोडायचे. बाहेरच्या बाकावरच्या तिघींनी तर बसायचंच नाही. अंगात आलेली ऊब पंधरा-वीस मिनिटांत उतरायला लागते, म्हणून त्या थोड्या थोड्या वेळाने उठून पाय झुलवतात, आठ-दहा लाथा मारतात, एक छोटी धाव घेतात. संरक्षणाची पहिली तुकडी बाद होत आली की दुसऱ्या तुकडीच्या तिघी खांबामागे लंज मारत असतात. पंच आधी विचित्र नजरेने बघायचे, आता बघत नाहीत.

आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना माझं एक मागणं आहे. मैदान आखताना कडेला दहा मीटरची एक मोकळी पट्टी सोडा, तिथे खुर्च्या आणि मंडप नकोत. सत्कार, भाषणं, नारळ, सगळं संघ अंग तापवायला जाण्याआधी उरकून घ्या. त्यानंतर संघांना पंधरा मिनिटं द्या, आणि त्या पंधरा मिनिटांनंतर थेट नाणेफेक करा.